रिस्तो वेहमास यांस काहीही न देण्याबाबत

मी, काउको आन्तेरो हिएताला, वय सदुसष्ट, निवृत्त इंजिनिअर, राहणार मुस्तानिएमी, तळ्याकाठचा रस्ता, शेवटचे घर, आज मंगळवार दिनांक १६ मार्च १९९९ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण कायद्याला कर्तव्य डोक्याशी आहे. डॉक्टरांनी तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंतची मुदत बोलून दाखवली. ते आमच्याच भागातले असल्यामुळे नेमकी तारीख सांगायचे त्यांनी टाळले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात मी आणि मांजर एवढेच आहोत.

१९८७ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात सगळे माझ्या पत्नीला, आउनेला, दिले होते आणि ती चार वर्षांपूर्वी माझ्याआधी गेली. शिवाय त्यात रिस्तो वेहमासचा उल्लेख नव्हता. या वेळी ती चूक होणार नाही.

रिस्तो वेहमास म्हणजे आमच्या गावच्या यंत्र कारखान्याचा मुख्य कार्यकारी अधिकारी. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या कारखान्याचे नाव मुस्तानिएमी यंत्रशाळा होते आणि आम्ही कागद गिरण्यांसाठी यंत्रे बनवत होतो. आता नाव नुसते 'मुस्ता' आहे, कारण परदेशी लोकांना पुढचे उच्चारता येत नाही, आणि कारखाने एकोणीस देशांत आहेत. वेहमास माझ्यानंतर दोन वर्षांनी, माझ्या हाताखाली लागला. वयानेही तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. येत्या मे महिन्यात तो निवृत्त होतो आहे. समारंभाचे आमंत्रण आले आहे, पहिल्या रांगेतले. मांजराला एकटे ठेवता येत नाही असे मी कळवले आहे.

कलम १. राहते घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, लाकडाची खोपी आणि बोटीचा धक्का हे सर्व माझी भाची मार्केत्ता हिला द्यावे. आम्हाला मूल नाही, आणि आउनेच्या आजारपणात दर रविवारी येणारी ती एकटीच होती. चतुःसीमा अशी: पूर्वेस तळे. पश्चिमेस रस्ता. दक्षिणेस पेल्कोनेन यांचे कुंपण, जे त्यांनी १९७१ साली वीतभर माझ्या बाजूला सरकवले; मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. उत्तरेस कारखान्याची जमीन, आणि तिच्यावर काचेचे मुख्य कार्यालय. त्याचा सहावा मजला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तिथे कोण बसते ते गावात सगळ्यांना माहीत आहे आणि तिथला दिवा किती वाजता लागतो ते मला माहीत आहे. त्या खिडकीला मार्केत्ताने हवा तर पडदा लावावा. आउनेने दोनदा लावला होता. मी दोनदा काढला.

कलम २. बँकेत जे आहे तेही मार्केत्तालाच. मांजर पेल्कोनेनबाईंना. मांजर तसेही अर्धा दिवस तिथेच जेवते.

कलम ३. बोट. ही बोट पेल्कोनेनच्या नातवाला द्यावी, पण तिची हकीकत सांगून द्यावी. वेहमास निर्यात विभागाचा प्रमुख झाला त्या वर्षी मी ही बोट घेतली. तो तांत्रिक संचालक झाला तेव्हा मी तिला मोटर बसवली. १९७६ साली तो सगळ्यात वर जाऊन बसला, तेव्हा बोटीला लावण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मी ती पुन्हा रंगवली. राष्ट्राध्यक्षांनी उद्योगपतींना देतात ती मानाची पदवी त्याला दिली, तेव्हाही रंगवली. त्या पदवीचा शब्दशः अर्थ 'पर्वत-सल्लागार' असा होतो. आमच्या पंचक्रोशीत सर्वांत उंच जागा म्हणजे चर्चच्या मागचा उंचवटा, त्यावर सल्ला देण्यासारखे काय असते मला कळलेले नाही. बोटीवर रंगाचे अकरा थर आहेत. त्यामुळे ती जड चालते.

कलम ४. माळ्यावर पुठ्ठ्याची एक पेटी आहे, बुटांची. तिच्यात रिस्तो वेहमासबद्दलची वर्तमानपत्रातली कात्रणे तारखेनुसार लावलेली आहेत. पहिले १९६३ चे, शेवटचे गेल्या आठवड्यातले. जिथे छापणाऱ्याने यंत्राचे माप किंवा वेग चुकीचा दिला आहे तिथे मी लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. जवळजवळ प्रत्येक फोटोत त्याचा टाय वाकडा आहे. एकोणीस देशांत त्याला आरसा मिळाला नाही. ही पेटी कोणी उघडून पाहू नये. तिने सौनाची चूल पेटवावी.

ही पेटी माझ्याकडे का, असे कोणी विचारील. मला त्याचा हेवा वाटतो म्हणून. हे मी आउनेपाशीसुद्धा या शब्दांत कधी बोललो नाही, पण मृत्युपत्रात खोटे लिहिले तर ते रद्द ठरू शकते असे ऐकले आहे. मला त्याचा सकाळी उठल्यापासून हेवा वाटतो. त्याच्या हुद्द्याचा वाटतो, त्याच्या हसण्याचा वाटतो. १९६० च्या वसंतोत्सवात तो आउनेबरोबर दोनदा नाचला आणि ती घरी येईपर्यंत गुणगुणत होती, त्याचा वाटतो. त्याची आई कारखान्यात डबा घेऊन यायची, राय-पिठाच्या पातळ पारीत भात भरून केलेल्या करंज्या, वर लोणी. मी आउनेला सांगितले की पारी जाड होती. पारी जाड नव्हती आणि मी चार खाल्ल्या होत्या.

त्याने माझे काही चोरले असते तर मी सुखाने मेलो असतो. अडचण अशी की त्याने काहीही चोरलेले नाही. ते पुढे कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. अंत्यविधी साधा असावा. आउनेच्या शेजारी माझी जागा ठरलेली आहे. दगडावर नावाखाली 'इंजिनिअर' एवढेच कोरावे. पुष्पचक्र वाहताना फितीवरचा मजकूर मोठ्याने वाचायची आपल्याकडे रीत आहे. कारखान्याकडून चक्र येईलच, ते माझी बहीण हिल्का हिच्या चक्रापेक्षा मोठे असू नये. वेहमास स्वतः आल्यास त्याने फीत वाचताना हुद्दा वाचू नये, पदवी वाचू नये, आणि भाषण करू नये. तो भाषण चांगले करतो. लोक रडतील आणि नंतर कॉफी पिताना सगळे त्याच्याबद्दल बोलतील. तो दिवस तरी माझा असावा.

कलम ६. पाणसळ, म्हणजे आडवी पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी. लाकडी पेटीतली, पितळी, दोन वीत लांब. ही कारखान्याची नाही, माझी आहे. पहिल्या पगारातून घेतली. कारखान्याच्या संग्रहालयाने ती तीनदा मागितली आणि तीनही वेळा पत्राखाली सही वेहमासची होती. तिने काय केले ते मार्केत्ताला माहीत असावे म्हणून लिहितो.

१९६१ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका गिरणीत आमचे नवे यंत्र बसवले. ओल्या टोकाला लगदा पडायचा, तिथून कागदाचा पट्टा तापलेल्या रुळांवरून पळत कोरड्या टोकाला जायचा. आमच्या यंत्रावर तो दर चाळीस मिनिटांनी फाटायचा. तीन आठवडे फाटला. प्रत्येक वेळी यंत्र थांबवायचे, गार करायचे, रूळ पाणसळीने तपासायचे. रूळ अगदी सरळ असायचे. पुन्हा सुरू करायचे, पुन्हा फाटायचा. गिरणीवाले आमच्याशी बोलायचे बंद झाले. तसे ते आधीही फारसे बोलत नव्हते.

बाविसाव्या दिवशी माझ्या लक्षात आले की आपण रूळ गार असताना मोजतो आहोत. रूळ तापवणारी वाफ एका बाजूने आत येते, ती बाजू आधी तापते, तापली की वर उचलली जाते. मी चालू यंत्रावर चढलो आणि बेअरिंगच्या बैठकीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. माझा उजवा तळवा भाजला, अजून डाग आहे. वेहमास खाली दिवा धरून उभा होता. त्याने माझ्या हातावर बर्फ चोळला आणि म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, तुम्ही हे कसं ओळखलंत?" तेव्हापासून आमची सगळी यंत्रे गार असताना मुद्दाम किंचित वाकडी बसवतात, म्हणजे तापली की सरळ होतात. एकोणीस देश त्या किंचित वाकडेपणावर उभे आहेत.

त्या शनिवारी कारखान्याच्या सौनात आम्ही तिघे होतो. मी, वेहमास आणि त्या वेळचे संचालक ग्रेनरूस. अंगावर कपडे नसले की हुद्दे बाहेरच राहतात, म्हणून महत्त्वाचे तिथेच ठरते. ग्रेनरूस म्हणाले, "कॅनडात असलंच यंत्र बसवतोय आपण. दोन वर्षं तिथं राहून ते सांभाळणारा माणूस हवा. कोण जाईल?"

ते माझ्याकडे बघून बोलले. मी गप्प राहिलो. आम्ही हामे भागातली माणसे. आमच्या घरी कॉफी तयार आहे म्हटल्यावर पहिल्या हाकेला टेबलाशी जाणारा हावरट ठरतो. दुसरी हाक येते, तेव्हा माणूस खुर्चीत जरा हलतो. तिसरीला उठतो. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो. वेहमास पूर्वेकडच्या करेलियातला, युद्धात हद्द सरकून तो मुलूख शेजाऱ्यांकडे गेला तेव्हा एक गाय आणि करंज्यांचे ताट घेऊन इकडे आलेल्यांपैकी. ते लोक पहिल्या हाकेला उठतात, कारण दुसरी येईलच असा त्यांचा अनुभव नाही. तरीही तो लगेच बोलला नाही. माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ बघत राहिला, हे इथे नमूद करतो. मग म्हणाला, "इंजिनिअरसाहेब जाणार नसतील, तर मी जाईन."

ग्रेनरूसनी माझ्याकडे पाहिले. आता ते दुसऱ्यांदा विचारतील असे वाटून मी काहीतरी करायचे म्हणून डावभर पाणी तापल्या दगडांवर ओतले. वाफ उसळली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. वाफ बसली तेव्हा ते दोघे कॅनडाच्या जहाजाबद्दल बोलत होते.

तो गेला. तिथे इंग्रजी शिकला, तीन यंत्रे विकून आला. मग निर्यात विभाग, मग सगळे ते जे कलम ३ मध्ये बोटीच्या ओघात आले आहे. मी चाचणी विभागात राहिलो, चौतीस वर्षे, त्यातली एकोणीस प्रमुख म्हणून. आणि तो प्रत्येक समारंभात सांगत राहिला की ती युक्ती माझी नव्हे, इंजिनिअर हिएतालांची. १९७४ च्या कात्रणात ते वाक्य छापलेले आहे. मी ते कात्रण कोणाला दाखवले नाही. दाखवले असते तर मला त्याच्याविरुद्ध बोलायला काय उरले असते?

ही पाणसळ कारखान्याला देऊ नये. वेहमासला देऊ नये. धक्क्याच्या टोकावरून तळ्यात टाकावी. तिथे चार पुरुष खोल आहे.

कलम ७. रिस्तो वेहमास यांस माझ्या स्थावर-जंगम मिळकतीतून काहीही मिळू नये. कारण देणे आवश्यक नाही, पण देतो.

आमच्याकडे अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर यायची एक रीत होती. दोघांतल्या मोठ्याने हात पुढे करायचा आणि आपले पहिले नाव सांगायचे. धाकट्याने तो हात धरून आपले सांगायचे. एक घोट घ्यायचा. झाले. ते मग मरेपर्यंत मोडत नसे. आता ही रीत कोणी पाळत नाही, आता सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. १९७६ साली वेहमास वर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने पत्रक काढले की उद्यापासून कारखान्यात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतील, त्यालाही. दुसऱ्या दिवशी तो चाचणी विभागात आला. झाडूवाल्याला म्हणाला, कसा आहेस? त्याने म्हटले, बरा आहे, रिस्तो. ओळीने सगळ्यांशी असे बोलत तो माझ्यापाशी आला. थांबला. सगळा विभाग बघत होता. आणि म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, तुम्ही कसे आहात?"

झाडूवाल्याला जे दिले ते त्याने मला दिले नाही. तेवीस वर्षे दिले नाही. आउनेच्या अंत्यविधीतसुद्धा माझा हात हातात घेऊन 'तुम्ही' म्हणाला. ज्याने मला माझे नाव दिले नाही त्याला मी काही देणे लागत नाही.

वरील सात कलमे मंगळवारी लिहून पूर्ण झाली.

यापुढचे गुरुवार दिनांक १८ रोजी लिहीत आहे. सिर्का लेहतो या गावच्या परिचारिका एक दिवसाआड माझा रक्तदाब बघायला येतात. त्यांना मी साक्षीदार व्हायची विनंती केली होती. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण सिर्काला ते कोणी सांगितलेले नाही. ती पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करते. चष्मा लावून तिने सगळे वाचले, कात्रणांच्या कलमाला हसली, आणि कलम ७ दोनदा वाचले.

"हे असलं सगळं मृत्युपत्रात घालतात?"

मी म्हणालो, माझ्यात घालतात.

"बरं, मला एक सांग. तुम्हा दोघांत मोठं कोण?"

"मी. दोन वर्षांनी."

"मग हात कोणी पुढे करायचा होता?"

मी म्हणालो, औषधाची वेळ झाली. ती म्हणाली की औषधाची वेळ तिच्या घड्याळात होते, माझ्या नाही. मग पट्टा गुंडाळून ठेवत म्हणाली, "काउको, तू काहीतरी गाळलंयस. चौतीस वर्षं मापं घेणारा माणूस एवढी चूक करत नाही."

ती गेल्यावर मी कॉफी केली, प्यायलो नाही. गाळलेले ते असे.

कलम ८. डिसेंबर १९५८. कारखान्यातला नाताळपूर्वीचा मेळावा, कँटीनमध्ये. वेहमास येऊन सहा महिने झाले होते. माझे लग्न ठरले होते, अंगावर नवा कोट होता, आणि तीन टेबले भरून लोक माझ्या एका विनोदाला हसत होते, जे क्वचित घडायचे. तेवढ्यात तो पेला घेऊन माझ्याकडे आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मी रिस्तो. आपण आता अरे-तुरे करू या की."

करेलियात कदाचित चालत असेल. मी हातातला पेला खाली ठेवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मोठा मी आहे. वेळ आली की मी सांगेन."

लोक पुन्हा हसले. त्याचा हात थोडा वेळ तसाच होता. मग त्याने तो खिशात घातला. तो रागावला नाही, हसलाही नाही. "बरं," तो म्हणाला, "मी थांबतो."

ही गोष्ट मी आउनेला सांगितली नाही. कोणालाच सांगितली नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मी खरोखरच वेळ येण्याची वाट पाहत होतो, म्हणजे तो जरा नरम पडण्याची. मग तो कॅनडाहून मोठा होऊन आला, आणि मी स्वतःला समजावले की हुद्दा मोठा तो मोठा, आता त्याने करावा हात पुढे. मग वर्षे गेली. सौनात तो माझ्याकडे बघत राहिला होता तेव्हा थांबला होता. चाचणी विभागात सगळ्यांसमोर माझ्यापुढे उभा राहिला होता तेव्हाही थांबला होता. आउनेच्या थडग्यापाशी त्याने माझा हात नको इतका वेळ धरून ठेवला होता आणि मला वाटले की तो लोकांना दाखवण्यासाठी धरतो आहे. स्वतःच्या 'मी थांबतो' या शब्दाखातर तो चाळीस वर्षे थांबला, आणि वेळ सांगायची होती ती मी. याचाही मला हेवा वाटतो. मला एवढे थांबता आले नसते.

आउने जायच्या आधीच्या उन्हाळ्यात खिडकीशी बसून म्हणाली होती, "तुला त्याची खुर्ची नकोय, काउको. तुला त्याने येऊन दुसऱ्यांदा विचारायला हवंय." मी म्हणालो, मला काही नकोय. तिने पडदा ओढला. तिला १९५८ चे माहीत नसताना ती इथवर पोचली होती. मी तो पडदा दुसऱ्या दिवशी काढला, ते कलम १ मध्ये आलेच आहे.

कलम ९. आज शुक्रवार. सकाळी मी सहाव्या मजल्यावर फोन केला. सेक्रेटरीने विचारले, कोण बोलतंय? नाव सांगितल्यावर तिने पुढचे काही न विचारता जोडून दिले, जणू तिला तशी सूचना होती. मी म्हणालो, "वेहमाससाहेब, माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही हवी आहे. उद्या याल का?"

 तो म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, किती वाजता?"

कुठल्या मिळकतीचे, का मीच, वकील नाही का, असे त्याने काहीही विचारले नाही. इतक्या लवकर हो म्हणायची त्याची सवय जुनीच आहे. मी चार वाजता म्हणालो. सौना तापवून ठेवतो, फार नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे तेवढाच.

त्यामुळे पुढीलप्रमाणे बदल करतो.

कलम ४ रद्द. पेटी जाळू नये. वेहमासच्या समारंभाच्या दिवशी मार्केत्ताने ती त्याच्या घरी पोचवावी. लाल दुरुस्त्या बरोबर आहेत की नाहीत ते त्याने तपासून घ्यावे.

हे लिहून झाल्यावर सिर्काला फोन करून विचारले. ती म्हणाली की साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काहीही घेता येत नाही, एक पुठ्ठ्याची पेटीसुद्धा नाही, नाहीतर सगळेच अडचणीत येते. तेव्हा वरील बदल रद्द. पेटी मार्केत्ताची. तिने तिचे काय करायचे ते तिने ठरवावे, आणि वेहमासचा पत्ता तिला ठाऊक आहे.

कलम ५ मध्ये एवढाच बदल: त्याने भाषण करू नये हे कायम. हुद्दा आणि पदवी वाचू नये हेही कायम. पण फीत वाचताना मला कोणत्या नावाने हाक मारायची ते तोपर्यंत त्याला ठाऊक असेल.

कलम ६ रद्द. पाणसळ तळ्यात टाकू नये. मी ती उद्या सही करण्यापूर्वी माझ्या हाताने त्याला द्यायचे ठरवले आहे. हयातीत दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही, हे सिर्कानेच सांगितले. संग्रहालयाला देऊ नकोस एवढी अट तोंडी घालीन.

कलम ७ शब्दशः कायम. रिस्तो वेहमास यांस माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. तो साक्षीदार आहे.

उद्या हात आधी मी पुढे करीन. मला ते जमेलच अशी खात्री नाही. सदुसष्टाव्या वर्षी नवी गोष्ट शिकणे कठीण, आणि त्याच्या अंगावर तो राखाडी कोट आणि वाकडा टाय दिसला की औषधाची वेळ झाली म्हणणारा माणूस मी आहे. शब्द फुटला नाहीच, तर हे कलम सिर्काने त्याला मोठ्याने वाचून दाखवावे: मोठा मी आहे. वेळ झाली. मी काउको.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वेच्छेने लिहून पुरे केले. खाडाखोड आहे ती माझ्याच हातची आहे.

मुस्तानिएमी, शनिवार दिनांक २० मार्च १९९९, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटे.

(सही) काउको आन्तेरो हिएताला

आम्ही खालील दोन साक्षीदार एकाच वेळी हजर होतो आणि वरील सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार पहिली: सिर्का लेहतो, परिचारिका, मुस्तानिएमी.
शेरा: नाडी जरा जलद होती, पण तशी तिघांचीही होती. मला कलम ९ वाचून दाखवावे लागले नाही.

साक्षीदार दुसरा: रिस्तो वेहमास, इंजिनिअर, मुस्तानिएमी.
शेरा: या मृत्युपत्राखाली मला काहीही मिळालेले नाही. सही करणारा शुद्धीवर आहे याची साक्षीदाराने खात्री करून घ्यायची असते, म्हणून मी त्याला विचारले की मी कोण आहे ते ओळखतोस का. त्याने आधी माझा टाय सरळ केला. मग म्हणाला, "रिस्तो."